शिवेतरक्षती आणि खंजिरी : आर्वी-आष्टी परिसरातील भजनकलेचा इतिहास

१

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त काव्याची जी सहा प्रयोजने सांगितली आहेत, त्यांपैकी 'शिवेतरक्षती' हे प्रयोजन आधुनिक मराठी समीक्षेने जवळजवळ सोडून दिले आहे. यश, अर्थप्राप्ती आणि व्यवहारज्ञान यांची चर्चा वाङ्मयाच्या समाजशास्त्राने आपल्याकडे घेतली. परनिर्वृतीची चर्चा सौंदर्यशास्त्राने केली. कान्तासंमित उपदेश बोधवादाच्या वादात शिल्लक राहिला. अमंगलाचा नाश हे प्रयोजन मात्र, सूर्याची स्तुती रचून रोगमुक्त झालेल्या मयूर कवीच्या आख्यायिकेपाशी थांबले आणि श्रद्धेचा विषय म्हणून बाजूला पडले. ॲरिस्टॉटलचा 'कॅथार्सिस' हा शब्दही मुळात वैद्यकाच्या परिभाषेशी निगडित आहे. पण त्याची चर्चा करताना आपल्याला संकोच वाटत नाही. देशी कला रोग बरा करते, भय घालवते, माणसाला पुन्हा माणसांत आणून बसवते, असे कोणी म्हटले की मात्र आपण तो विषय मानवशास्त्राच्या दारात नेऊन ठेवतो.

या उपेक्षेचे कारण केवळ बुद्धिवादात नाही. आपल्या समीक्षेत कृतीचे रूप आणि कृतीचा परिणाम यांची फारकत झालेली आहे. संतसाहित्याच्या बाबतीत ती विशेष जाणवते. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात संतांच्या कार्याला मराठी सत्तेच्या उदयाची पूर्वतयारी मानले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्याच संतांवर समाजाला निवृत्त आणि दुबळे केल्याचा आक्षेप घेतला. पुढे गं. बा. सरदार यांनी 'संत वाङ्मयाची सामाजिक फलश्रुती' या ग्रंथात या वादाला अधिक संयत वळण दिले. पण फलश्रुती कोणती, हा प्रश्न तिन्ही ठिकाणी प्रामुख्याने आशयाला विचारला गेला. टाळ, मृदंग, खंजिरी, धृपद, पुनरावृत्ती, एकत्र बसण्याची रीत यांना तो फारसा विचारला गेला नाही. जणू फलश्रुती ओवीच्या अर्थातून येते, ओवी म्हणण्यातून नव्हे.

प्रस्तुत लेखात वर्धा जिल्ह्यातील आर्वी-आष्टी परिसर आणि वर्धा नदीपलीकडचा अमरावती जिल्ह्याचा काठ या सलग प्रदेशातील खंजिरी भजनाचा इतिहास या दृष्टीने तपासावयाचा आहे. कला ही उपचार, प्रतिकार आणि मुक्ती यांचे साधन असते असे विधान अलीकडे सहजपणे केले जाते. त्या विधानातील तीन संज्ञा एकाच माळेत ओवल्या गेल्यामुळे त्या परस्परांतून आपोआप निष्पन्न होतात असा समज होतो. या परिसराचा इतिहास तसे सांगत नाही. एकच कलारूप एका वेळी उपचार करते, दुसऱ्या वेळी प्रतिकाराला उभे राहते, आणि मुक्तीच्या प्रश्नापाशी कधी कधी अडखळते. हे अडखळणे समजून घेतल्याशिवाय त्या कलेचा गौरवही खरा होत नाही.

२

आर्वी हे कापसाच्या मुलखातले गाव. एकेकाळी पुलगावाहून येथवर छोट्या रुळांची गाडी येत असे. गावाच्या स्थापनेशी तेलंगराव यांचे नाव जोडलेले असून त्यावरून 'आर्वी तेलंगराव' असा उल्लेख जुन्या गॅझेटिअरांत आढळतो. हिंदूंच्या मते ते ब्राह्मण होते, मुसलमान त्यांना आपले वली मानतात, आणि त्यांच्या समाधीस्थानाला दोन्ही समाज मान देतात. एका पुरुषाविषयी दोन कथा असणे आणि दोन्ही कथांचे एकाच जागी नांदणे, ही या परिसराच्या धर्मजीवनाची खूण आहे. पश्चिमेला वर्धा नदी आहे. नदीच्या पलीकडे कौंडण्यपूर, म्हणजे रुक्मिणीचे माहेर मानलेले आणि उत्खननाने ज्याचे प्राचीनत्व सिद्ध झाले आहे ते स्थान. त्याच बाजूला रिद्धपूर, गोविंदप्रभूंचे आणि महानुभावांच्या आद्य मराठी गद्याचे क्षेत्र. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी हिंदी मुलूख सुरू होतो. वर्धा नदी ही दीर्घकाळ वऱ्हाड आणि नागपूर प्रांत यांच्यातील राजकीय सीमा होती. पण भजन, दिंडी आणि यात्रा यांनी ती सीमा मानली नाही. आर्वीचा माणूस पलीकडच्या काठावरील साधूकडे जाई आणि पलीकडचा साधू आर्वीत येई.

या प्रदेशात देशी प्रयोगरूपांची वाण नव्हती. सुगीनंतरची दंडार, खडी गंमत, गोंधळ, भारूड, डाकेच्या ठेक्यावर म्हटला जाणारा डहाका, आणि गोंडांच्या देवकथा किंगरीवर गाणाऱ्या परधानांची परंपरा ही सर्व रूपे कमीअधिक प्रमाणात विदर्भात नांदत होती. त्यांपैकी डहाक्यासारखे विधिगीत किंवा परधानांचे देवगान यांत उपचार ही बाहेरून जोडलेली गोष्ट नाही. तो त्या रूपाचाच भाग आहे. ज्याच्या अंगात दुखणे आहे किंवा ज्याच्या कुळाचा देव रुसला आहे, त्याच्यासाठी ते गायन होते. त्याचा श्रोता रसिक नसून आर्त असतो. भालचंद्र नेमाडे यांनी देशीयतेची जी भूमिका मांडली, तिच्यात भूमी आणि भाषा यांना जे महत्त्व आहे ते योग्यच आहे. परंतु देशी कलेचा विचार करताना या आर्त श्रोत्यालाही सिद्धान्तात जागा द्यावी लागते. कलाकृती कोणत्या मातीत उगवली, याइतकाच ती कोणाच्या दुखण्यासाठी उभी राहिली, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

खंजिरी भजन हे विधिगीत नव्हे. त्याला कुळ नाही, ठरावीक देवक नाही, पौरोहित्य नाही. पण विधिगीताचा आर्त श्रोता त्याने घेतला आणि त्याला कुळाच्या मर्यादेतून बाहेर काढले. या रूपांतराचे श्रेय मुख्यत्वे ज्या एका व्यक्तीकडे जाते, ती म्हणजे तुकडोजी महाराज.

३

माणिक बंडोजी इंगळे यांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे झाला. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. आडकोजींचे मूळ परंपरा आर्वीशी जोडते. गुरूंनी दिलेले 'तुकड्या' हे नाव पुढे त्यांच्या पदांची मुद्रा झाले. या नावाचा काव्यशास्त्रीय विचार व्हावयास हवा. संतकवीची मुद्रा ही सामान्यतः त्याच्या व्यक्तिनामाची वा गुरुनामाची असते. येथे ती भिक्षेतल्या भाकरीच्या तुकड्याची आहे. पदाच्या शेवटी जेव्हा ही मुद्रा येते, तेव्हा कवी आपली सही करीत नाही, तर आपला सामाजिक दर्जा सांगतो. हा दर्जा ऐकणाऱ्या बहुसंख्यांचाही असतो. म्हणून मुद्रेपाशी गाणारा आणि ऐकणारा यांच्यातील अंतर वाढण्याऐवजी संपते.

तरुणपणी रामटेक, सालबर्डी, रामदिघी आणि चिमूरजवळचे गोंदोडा या अरण्यप्रदेशांत त्यांनी साधना केली. हा गोंडांच्या वस्तीचा मुलूख आहे. १९३५ मध्ये मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना झाली आणि पुढील वर्षी गांधीजींच्या निमंत्रणावरून ते काही काळ सेवाग्रामला राहिले. वर्धा जिल्ह्याच्या राजकीय जीवनाशी त्यांचा संबंध त्यानंतर अधिक दृढ झाला.

आता वाद्याचा विचार करू. खंजिरी हे एका हातात मावणारे, एका बाजूने चामड्याने मढविलेले, कड्याला झांजा असलेले वाद्य. त्याला मृदंगासारखी बैठक लागत नाही, पेटीसारखा पैसा लागत नाही, आणि तालमीची दीर्घ परंपरा नसली तरी ते गावातल्या गावात शिकता येते. गाणारा स्वतःच ते वाजवितो; त्यामुळे गायक आणि वादक यांच्यातील श्रेणी नाहीशी होते. धृपद लहान असते आणि झिलकरी ते लगेच उचलतात. दोन आवर्तनांनंतर सभोवार बसलेला समाज झिलकऱ्यांत सामील होतो. म्हणजे ज्याला आपण श्रोतृवर्ग म्हणतो तो प्रयोगाच्या पहिल्या काही क्षणांपुरताच असतो. पदाची भाषा कधी वऱ्हाडी वळणाची मराठी, कधी साधी हिंदी. मध्यप्रांत-वऱ्हाडासारख्या द्वैभाषिक प्रांतात ही निवड केवळ सोयीची नव्हती. तिच्यामुळे एकच पद आर्वीच्या बाजारात आणि रायपूरच्या तुरुंगात सारखेच समजू शकले.

या रूपाच्या उपचारशक्तीचा उलगडा येथे होतो. १९१८ च्या इन्फ्ल्युएन्झाच्या साथीत मध्यप्रांत-वऱ्हाडाची हानी देशातील सर्वाधिक हानी झालेल्या प्रांतांत मोडते. ज्या पिढीने १९३० नंतर खंजिरी भजन ऐकले, तिने घरातून प्रेते बाहेर काढलेली होती. कापसाच्या भावातील मंदी अनुभवली होती. सावकाराच्या वहीवर अंगठे उठविले होते. या पिढीचे दुखणे केवळ शरीराचे नव्हते. साथ माणसाला माणसापासून तोडते, कर्ज त्याला गावापासून तोडते, दारू त्याला घरापासून तोडते, आणि अस्पृश्यता तर तोडण्याचेच दुसरे नाव. अशा तुटलेल्या समाजाला ओळीत एकत्र बसविणे, एकच धृपद एकाच श्वासात म्हणावयास लावणे, हा उपचार आहे. त्यात चमत्कार नाही. गुरुदेव सेवा मंडळाच्या कार्यक्रमात सायंकाळची सामुदायिक प्रार्थना, पहाटेची रामधून आणि गावसफाई एकाच दिनक्रमात येतात हे लक्षात घेतले पाहिजे. रामधून म्हणत गावातून फिरणारे लोक ज्या गल्लीतून जातात, ती गल्ली त्यांना झाडलेलीही हवी असते. गाणे आणि झाडू यांचे हे नाते गाडगेबाबांनी आपल्या कीर्तनांतून याच मुलखात आधीच रुजविले होते. त्यांनी श्रोत्याला प्रश्न विचारून कीर्तन संवादात आणले. तुकडोजींनी श्रोत्याला झिलकरी करून भजन समूहात आणले. पद्धती भिन्न असल्या तरी शिवेतराची क्षती प्रत्यक्ष गल्लीत व्हावी, ही दोघांचीही अपेक्षा समान होती.

४

१९४२ च्या ऑगस्टमध्ये या रूपाची परीक्षा झाली. नागपंचमीच्या दिवशी, १६ ऑगस्टला, आष्टी आणि चिमूर या दोन ठिकाणी एकाच वेळी उठाव झाला. आष्टी त्या काळी आर्वी तहसिलीतच होते. चिमूर तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात. आष्टीला पोलीस ठाण्यावर तिरंगा लावण्यासाठी निघालेल्या जमावावर गोळीबार झाला. डॉ. गोविंद मालपे, रशीद खान, पंची गोंड यांच्यासह सहाजणांना हौतात्म्य आले. चिडलेल्या जमावाने ठाणे पेटविले. फौजदार आणि शिपाई मारले गेले. चिमूरलाही गोळीबारानंतर सरकारी अधिकारी ठार झाले आणि त्यानंतर लष्कराने गावावर, विशेषतः तेथील स्त्रियांवर, जे अत्याचार केले त्यांनी सारा देश हादरला. २८ ऑगस्ट रोजी तुकडोजी महाराजांना अटक झाली. नागपूर आणि रायपूर येथील तुरुंगांत ठेवून डिसेंबरात त्यांना सोडण्यात आले.

या घटनांचे श्रेय वा दोष भजनाला द्यावा काय? चरित्रग्रंथांचा कल श्रेय देण्याकडे असतो. त्या काळच्या एका हिंदी पदात झाडे, दगड आणि भक्तमंडळी यांची शस्त्रे आणि सेना होण्याची कल्पना आली आहे, आणि ते पद या उठावाच्या संदर्भात वारंवार सांगितले जाते. काव्यशास्त्राच्या भाषेत हे रूपक आहे. रूपक ऐकून माणसे ठाणे जाळतात, हे विधान इतिहासाच्या कसोटीवर एकट्याने टिकत नाही. ८ ऑगस्टचा मुंबईचा ठराव, नेत्यांची अटक, काँग्रेसच्या स्थानिक कार्यकर्त्यांची तयारी, कर आणि युद्धकालीन महागाई यांचा त्रास, आणि प्रत्यक्ष गोळीबार ही कारणे समोर आहेत. भजन नसते तर आष्टीचा उठाव झाला नसता, असे म्हणण्यास आधार नाही.

परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सरकारने गायकाला अटक केली. ब्रिटिश सत्ता ही येथे एक प्रकारची वाचक आहे आणि तिचे अर्थनिर्णयन दुर्लक्षण्याजोगे नाही. १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याने रंगभूमीवर तिची नजर होती, वृत्तपत्रांवर होती, पण सायंकाळच्या भजनाला धर्माचे अभय मिळालेले होते. जे रूप रोजच भरते, ज्याला तिकीट नाही, ज्याची संहिता बहुधा तोंडीच असते आणि ज्यात गाणारे व ऐकणारे वेगळे काढता येत नाहीत, त्याचे नियंत्रण कसे करावयाचे हा प्रशासनापुढील पेच होता. शेवटी सत्तेने संहितेवर बंदी घालण्याऐवजी कंठ बंद केला. फ्रान्ट्झ फॅनन यांनी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अल्जीरियातील कथाकथकांविषयी नेमके असेच निरीक्षण नोंदविले आहे. १९५२-५३ नंतर त्यांच्या जुन्या कथांना नवे वळण लागले आणि १९५५ पासून फ्रेंच प्रशासनाने त्यांना पद्धतशीरपणे अटक करावयास सुरुवात केली. केनियात न्गुगी वा थिओंगो यांचे कामिरिथू येथील गिकुयू भाषेतील लोकनाट्य १९७७ मध्ये बंद पाडण्यात आले आणि त्यांना विनाचौकशी स्थानबद्ध करण्यात आले. दोन खंडांतील तीन राजवटींचे वर्तन सारखे आहे. देशी भाषेतील सामूहिक प्रयोग सत्तेला पुस्तकापेक्षा अधिक धोकादायक वाटतो, कारण तो वाचकाला एकटे ठेवत नाही.

म्हणजे भजनाने उठावाचा आशय पुरविला असे म्हणण्यापेक्षा त्याने उठावाचे व्याकरण पुरविले असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. एकत्र कसे जमावयाचे, एकाने उचललेले सर्वांनी कसे उचलावयाचे, भय वाटत असताना श्वास कसा सांभाळावयाचा, जात विसरून खांद्याला खांदा कसा लावावयाचा, याचा सराव प्रार्थनेच्या ओळीत झालेला होता. आष्टीच्या हुतात्म्यांत एक डॉक्टर, एक मुसलमान आणि एक गोंड असणे हा योगायोग नव्हे. पण तो पुरावाही मानू नये. ते त्या सरावाशी सुसंगत असे चित्र आहे, इतकेच. राजवाड्यांच्या आक्षेपाला या घटनेतून काही उत्तर मिळत असेल तर ते असे की, टाळ-खंजिरी स्वतःहून निवृत्तीकडेही नेत नाही आणि प्रवृत्तीकडेही नेत नाही; ती समूह घडविते. त्या समूहाने काय करावयाचे हे काळ ठरवितो. रानड्यांनाही हेच उत्तर लागू पडते.

५

येथे उपचार आणि प्रतिकार यांच्यातील अवघड नाते समोर येते. जे भजन फाटलेले सांधण्यासाठी जन्माला आले, त्याच्या छायेत जमलेल्या माणसांनी माणसे मारली. मारले गेलेले फौजदार आणि शिपाई परकी नव्हते. याच देशाचे, पगारासाठी सत्तेची वर्दी घातलेले होते. हुतात्मास्मृतीच्या परंपरेत त्यांना जागा नसते, आणि ती असावी असा आग्रह धरणे सोपेही नाही. तरीही कलेला उपचाराचे साधन म्हणणाऱ्याने हा प्रश्न टाळू नये. प्रतिकार करणारी कला जखम भरते, तशी ती जखम करणाऱ्या हातांनाही ताल देते.

चिमूरनंतर जे घडले त्याने गाण्याची मर्यादाही स्पष्ट केली. तेथील स्त्रियांवरील अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्रा. भणसाळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले. ते जानेवारी १९४३ मध्ये संपले. अनसूयाबाई काळे यांनी अत्याचारांची माहिती बाहेर आणण्यासाठी आणि पुढे फाशीच्या कैद्यांच्या सुटकेसाठी अविरत श्रम घेतले. चिमूर-आष्टी खटल्यांतील शिल्लक राहिलेल्या फाशीच्या शिक्षा अखेर १९४५ मध्ये जन्मठेपेत बदलल्या गेल्या. या तीन वर्षांत ज्या साधनांनी काम केले ती उपोषण, निवेदन, वकिली आणि वृत्तपत्र ही होती. ज्या दुःखाला नाव घेऊन सांगणेही तेव्हाच्या स्त्रीला शक्य नव्हते, त्या दुःखासाठी सामुदायिक धृपद अपुरे होते. समूहात म्हणता येते तेवढेच समूहगान बरे करते. ज्या जखमेविषयी समूहच मौन पाळतो, तिच्यापाशी खंजिरीला थांबावे लागले. स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्यांची परंपरा याच घरांत होती, आणि एकटीच्या दुःखाला ती अधिक जवळची होती. परंतु ती चौकातली नव्हती आणि राष्ट्रीय इतिहासाने तिच्याकडे पुरावा म्हणून पाहिले नाही.

६

मुक्तीचा प्रश्न याहून गहन आहे. स्वातंत्र्यानंतर तुकडोजी महाराजांनी आपली वाणी ग्रामरचनेकडे वळविली. १९५५ मधील 'ग्रामगीता' ही ४१ अध्यायांची ओवीबद्ध रचना ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, श्रमसंपत्ती, महिलोन्नती अशा विषयांना अध्यायांचा दर्जा देते. गीतेच्या नावाने गावाच्या गटारांची आणि मजुरीची चर्चा करणे हे मराठी धार्मिक वाङ्मयातले मोठे धाडस आहे. अमंगल म्हणजे काय याची व्याख्याच तिने बदलली: दैवी कोपाच्या जागी घाण, व्यसन, आळस आणि विषमता आली. शिवेतरक्षतीची ही आधुनिक टीका म्हणावयास हरकत नाही.

मात्र याच काळात, याच विदर्भात, दुसरी एक देशी कला मुक्तीचा वेगळा अर्थ सांगत होती. सत्यशोधकी जलशाच्या परंपरेतून १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसा उभा राहिला. भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी तमाशाचे रूप घेऊन त्यातील गण आणि गवळण यांच्या जागी नवे विचार बसविले. नागपूरच्या किसन फागू बनसोडे यांनी त्याहीपूर्वी गीतांना जागृतीचे साधन केले होते. या परंपरेचा प्रश्न थेट होता. सवर्ण आणि अस्पृश्य एका ओळीत बसून एकच प्रार्थना म्हणतात, पण प्रार्थना संपल्यावर विहीर कोणाची, शेत कोणाचे, मंदिर कोणाचे? वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाज यांनी १९२८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुले केले हे खरे. पण खुले करणारा आणि आत जाणारा यांचे नाते दात्याचे आणि याचकाचेच राहते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लक्षावधी लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा त्यांनी सांधलेल्या ओळीतील जागा नाकारली आणि स्वतःची ओळ आखली.

या दोन कलांना एकमेकींविरुद्ध उभे करून एकीला सुधारणावादी आणि दुसरीला क्रांतिकारक ठरविणे समीक्षेला सोपे जाते. माझ्या मते दोघींतील भेद अधिक मूलगामी आहे आणि तो रूपाचा आहे. भजनाचे रूप विरोध विरघळविते: धृपदाकडे सर्वांनी परत यावयाचे असते. जलशाचे रूप विरोध उभा करते: त्यात बतावणी आहे, सवाल-जवाब आहे, वगात प्रतिपक्ष प्रत्यक्ष रंगभूमीवर येतो आणि हरतो. ज्याचे दुःख तुटण्याचे आहे त्याला भजन बरे करते. ज्याचे दुःख दडपले जाण्याचे आहे त्याला जलसाच मोकळे करतो. पहिल्या दुःखावरचे औषध दुसऱ्या दुःखावर चालविले तर रोगी शांत होतो, बरा होत नाही.

आणि पंची गोंड? हुतात्म्यांच्या यादीत त्यांचे नाव आहे; परंतु राष्ट्रीय उठावाच्या कथेत गोंडांची स्वतःची कला कोठेही नाही. परधानांनी किंगरीवर गायिलेल्या कथांतही राज्य गेल्याचे दुःख आणि देव बंदिवासातून सुटल्याची आख्याने आहेत. मुक्तीची ती एक स्वतंत्र मौखिक परंपरा आहे. जो समाज सर्वांत आधीचा, त्याचे हौतात्म्य स्वीकारले गेले आणि त्याचे गाणे बाहेर राहिले. 'देशी' या शब्दाच्या आत 'आदिवासी' हा शब्द किती सहज गिळला जातो, याचे हे उदाहरण आहे. देशीयतेच्या सिद्धान्ताने यापुढे या गिळण्याचाही हिशेब द्यावयास हवा.

७

तुकडोजी महाराजांचे ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरी येथे निर्वाण झाले. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. नावाने गौरव होतो. अभ्यासाची जबाबदारी त्याने संपत नाही, उलट वाढते. त्याच दशकात, २००६ साली, केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतयोजना जाहीर केली त्यांत अमरावती आणि वर्धा हे दोन्ही जिल्हे होते. ज्या दोन काठांवर खंजिरी भजनाने माणसे जोडली, त्याच दोन काठांवर माणसे इतकी एकटी झाली. या वस्तुस्थितीपुढे 'कलेने उपचार होतो' हे वाक्य उच्चारताना जीभ जड व्हावी. ज्याच्या कापसाला भाव नाही त्याला धीर देणारे पद त्या रात्रीपुरते खरे असते. ते खोटे नाही. पण कापसाचा भाव त्या पदाच्या कक्षेबाहेर राहतो, आणि ज्या प्रार्थनेच्या ओळीतून १९४२ साली प्रतिकार उठला होता, तीच ओळ आता केवळ सांत्वनासाठी वापरली जात असेल तर कलेचा अर्धा भाग आपण गमावला आहे.

इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा : उपचार, प्रतिकार आणि मुक्ती ही देशी कलेची तीन फळे नसून समूहाशी असलेली तिची तीन नाती आहेत, आणि प्रत्येक नात्याचे रूप वेगळे असते. धृपद सांधते, सवाल-जवाब फोडतो, एकटीची ओवी साठविते. कोणत्या समाजाला कोणत्या काळी कशाची गरज आहे, हे त्या समाजाच्या दुखण्यावरून ठरते. समीक्षकाच्या आवडीवरून नव्हे. आर्वी-आष्टीच्या भजनी मंडळांनी एक काळ हे निदान अचूक केले होते. मराठी समीक्षेला शिवेतरक्षती हे प्रयोजन पुन्हा स्वीकारावयाचे असेल, तर तिने प्रथम 'शिवेतर' कोणते, हे नेमके सांगावयास शिकले पाहिजे.